लव्हिनियाचा गोरा भाऊ

सॉल्ट रिव्हरच्या आमच्या गल्लीत लव्हिनिया अडोनिससारखी तोंडाळ बाई दुसरी नव्हती. मासेवाल्याला ती रडवायची, पाद्र्यालाही सोडायची नाही. एका माणसासमोरून मात्र ती खाली मान घालून मुकाट जायची, आणि तो तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

नेव्हिल आजोबांवर गेलेला, उजळ, सरळ केसांचा. लव्हिनिया बापासारखी सावळी. तेव्हा सरकार प्रत्येकाची रंगावरून नोंद करायचं, आणि नोकरी, शाळा, इस्पितळ सगळं त्यावरच ठरायचं. कचेरीतल्या कुणा साहेबाने नेव्हिलला कागदोपत्री गोरा ठरवलं, तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या आईने दोघांना स्वयंपाकघरात समोर बसवून बजावलं, "आजपासून रस्त्यात भेटलात तर ओळख द्यायची नाही. कुणाला कळलं तर ह्याची नोकरी जाईल. उद्या पोरं झाली तर त्यांची शाळा जाईल."

असे भाऊ आमच्यात बऱ्याच घरांत होते, आणि नियमही हाच. सरकारने एका आईची लेकरं दोन रंगांत वाटली, पहारा मात्र आमचा आम्हीच ठेवला. याची चीड अजून जात नाही.

लव्हिनियाने अकरा वर्षं नियम पाळला. ती मोठ्या इस्पितळात गोऱ्यांच्या बाजूला फरशा पुसायची. एका सोमवारी सहाव्या खाटेवर नेव्हिल दिसला. मूत्रपिंडं निकामी झालेली, नुसता हाडांचा सापळा. शेजारी त्याची गोरी बायको. नवऱ्याला आई-बहीण आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं.

त्या खाटेखालची फरशी चार दिवस लखलखत होती.

"अगं, एकच जागा किती घासशील? भोक पाडतेस का?" नर्स खेकसली.

एरवी लव्हिनियाने तिला पळता भुई थोडी केली असती. "डाग जात नाही, बाई," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी म्हातारी दारातच उभी असायची. "खाल्लं का गं त्यानं?"

"दोन चमचे पेज."

"एकदा कपाळावर हात ठेव त्याच्या. माझ्यासाठी."

शुक्रवारी बायको पोरांना आणायला गेली. लव्हिनिया बादली घेऊन खाटेपाशी वाकली. हात पुसून तिने तो पुढे केला, तोच नेव्हिलने डोळे उघडले.

"ताई," तो स्पष्ट म्हणाला. "आई कशी आहे?"

पलीकडच्या खाटेपाशी ताप बघणारी नर्स वळली. लव्हिनियाच्या डोळ्यांसमोर शाळेच्या गणवेशातली त्याची दोन पोरं उभी राहिली. तिने हात मागे घेतला.

"काही हवंय का, साहेब?"

नेव्हिल तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तापात बरळतोय," नर्स म्हणाली.

दुपारी तो गेला.

घरी लव्हिनियाने आईला सगळं सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण जमलं नाही.

"ताई म्हणाला? आणि तू गं?"

"मी त्याला साहेब म्हणाले."

"बरं केलंस," म्हातारी म्हणाली आणि तिने लेकीच्या खाडकन थोबाडीत मारली. मग त्याच गालाला आपला गाल लावून हुंदके देत म्हणाली, "नियम माझाच होता गं, बाळा. माझाच होता."