टाकीतली उंदरं

उद्धवराव कड म्हणजे खेड तालुक्यातल्या गायी-म्हशींचं जुनं माणूस. उमेदीची सारी वर्षं मोटारसायकलीला अतिथंड द्रव नायट्रोजनचं भांडं बांधून ते गोठ्यागोठ्यानं फिरले. भांड्यात वळूचं गोठवलेलं रेत. गाय माजावर आली की त्यांना बोलावणं. पुढं गोठे गेले, कंपन्यांच्या शेड आल्या, आणि उद्धवराव चाकणच्या एका संशोधन संस्थेत लागले. काम तेच, फक्त आता नायट्रोजनच्या टाकीत उंदरांचं रेत. त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आवो, घरातली उंदरं कमी पडली व्हय?"

पण ही उंदरं न्यारी. त्यांतल्या एका वाणाची हाडं नुसत्या धक्क्यानं मोडायची. तसाच आजार घेऊन जन्मलेल्या पोरांसाठी औषध शोधायचं, तर हाच वाण लागतो. पिंजऱ्यांत साथ आली आणि त्या वाणाची जिवंत उंदरं मेली. उरला तो टाकीतल्या बारीक नळ्यांतला जीव, दुसरीकडं कुठंच नाही. हैदराबादच्या प्रयोगशाळेला त्यातल्या निम्म्या नळ्या पुढच्या आठवड्यात पाठवायच्या होत्या.

टँकर यायच्या आदल्या दिवशी गणराज आला होता, गावात उद्धवरावांचंच जुनं काम करणारा. "तात्या, भांडं कोरडं पडलंय, उसनं द्या." या धंद्यात उसन्याला नाही म्हणत नाहीत. उद्धवरावांनी कुणाला न विचारता टाकीसाठीचं राखीव भांडं त्याच्या गाडीला बांधून दिलं. दुसऱ्या दिवशी नायट्रोजनचा टँकर येणारच होता.

टँकर आला नाही. चौकात कंटेनर आडवा झाला होता. उद्धवरावांनी लाकडी पट्टी टाकीत बुडवून काढली. नायट्रोजन जितका खोल, तितकं पट्टीवर हिंव चढतं; काल वीतभर होतं, आज जेमतेम टोकाला. टाकीच्या अंगाला हात लावला, तर ओलं. टाकीचं आतलं आवरण निकामी झालं होतं, गारठा बाहेर झिरपत होता.

"राखीव ओता ना!" विभागप्रमुख प्राजक्ता मॅडम धावत आल्या.

"ते... गणराजला दिलंय."

"काका, वाटीभर साखर आहे का ही, शेजारी द्यायला?"

उद्धवरावांनी फोन लावला. "कुठं हायेस रं?"

"सोपानरावांच्या गोठ्यात. का वो?"

"गाय ऱ्हाऊ दे. भांडं घिऊन ये. हायवे धरू नगं, आतल्या रस्त्यानं ये."

"निम्मंच उरलंय, तात्या."

"निम्मं तर निम्मं, सांडू नगं!"

त्यांनी पुन्हा झाकणाकडं हात नेला. मॅडम ओरडल्या, "सारखं उघडू नका, आत गरम हवा जाते!" मग ते फाटकात जाऊन उभे राहिले. प्रत्येक मोटारसायकलीला गणराज समजत होते.

तो आला. नायट्रोजन ओतला, पांढरी वाफ जमिनीवर पसरली, नळ्या बुडाल्या; टँकर येईपर्यंत भागणार होतं. पण मधेच ऊब लागून मेलेलं पुन्हा गारठ्यानं जगत नसतं. मॅडमनी एक नळी वितळवली, थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हलतंय का काय?" उद्धवरावांनी दारातनंच विचारलं.

मॅडम स्क्रू फिरवत राहिल्या.

"निम्मे शुक्राणू मेलेत."

"आन् बाकीचे?"

"हलतायत." मॅडमनी डोळे पुसले. "हैदराबादचा वाटा आजच काढायचा. कोंडी सुटली की गाडी निघेल. एका टाकीवर माझा भरवसा राहिला नाही."

"टाकीवर, का माझ्यावर?"

मॅडमनी जाड हातमोजे त्यांच्यापुढं धरले. "घाला. नळ्या तुम्हीच काढायच्यात."

उद्धवरावांनी हातमोजे घेतले. ते चढवून त्यांनी झाकणावर हात ठेवला आणि या खेपेला आधी विचारलं, "उघडू का?"