चौकोनी बटणांचे स्वेटर

आमच्या पेणमध्ये थंडी पडते ती वर्तमानपत्रात. डिसेंबरात सकाळी जरा गार वारा सुटला की रिक्षावाले मफलर गुंडाळतात, आणि नऊ वाजता त्याच मफलरने घाम पुसतात. अशा गावात दरवर्षी नाताळच्या आधी लोकरीच्या स्वेटरांचं एक मोठं खोकं समुद्र ओलांडून यायचं.

ते पाठवायची दूरच्या एका थंड देशातली छोटीशी ख्रिस्ती मंडळी. त्यांच्याच दानावर आमचं काम चालायचं. माझा नवरा पाळक आहे, आणि पाळकाच्या सहनशक्तीची परीक्षा घ्यायला देवाने मला नेमलं आहे. आम्ही दोघं, जन्मापासून हातापायांवर ताबा नसलेल्या मुलांसाठी पेणला एक केंद्र चालवतो आणि रोह्याला एक खोली. तिथे व्यायामाचे डॉक्टर दर आठवड्याला यायचे, मुलांचे पाय ताणून द्यायचे, लोखंडी दांड्यांना धरून त्यांना उभं करायचे.

स्वेटर विणायच्या त्या मंडळीतल्या एक आजी. त्यांच्या सगळ्या स्वेटरांना एकाच घाटाची चौकोनी लाकडी बटणं असायची, त्यांच्या यजमानांनी हयातीत कापून ठेवलेली. मुलांच्या आया त्यांना लोकरवाली आजी म्हणायच्या. खोकं आलं की आम्ही मुलांना स्वेटर चढवून पंख्याखाली ओळीत बसवायचो आणि फोटो काढायचो. "बाई, आता काढू? जीव चाललाय माझा," असं कोणीतरी ओरडेपर्यंत. फोटो जायचा, स्वेटर डांबरगोळ्यांसकट रोह्याच्या खोलीतल्या पेटीत जायचे. दरवर्षी मी ठरवायची की आता लिहून टाकू, आमच्याकडे थंडी नसते म्हणून. पण मागोमाग आजींचं उत्तर यायचं, मुलं किती उबदार दिसताहेत, आणि माझं लिहिणं पुढच्या वर्षावर जायचं.

मग एके दिवशी मंडळीची ईमेल आली. माणसं म्हातारी झाली, बरीचशी देवाघरी गेली, उपासनेची इमारत विकावी लागतेय. यापुढे मदत पाठवणं जमणार नाही, क्षमा असावी. त्याच आठवड्यात पेणच्या केंद्राचं छत गळायला लागलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

मी भडकले. इतकी वर्षं हात धरून चालवलं आणि रस्त्याच्या मधोमध सोडून दिलं, असं काय काय बोलले. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," हे म्हणाले. मी म्हटलं, "ज्यांचे पाय पसरतच नाहीत त्यांना काय सांगू?"  रात्री प्रार्थनेत ह्यांनी त्या परक्या मंडळीसाठी दुवा मागितली, तेव्हा मी आमेन म्हटलं नाही.

पेणचं केंद्र आमच्याच मंडळीतल्या लोकांनी पदरमोड करून उचललं. सुगीनंतर हंगामाच्या सणाला देवापुढे आणलेल्या वस्तूंचा आमच्याकडे लिलाव होतो; त्यात गडब गावच्या एका कुटुंबाने दिलेला भोपळा एकाने घेतला, परत देवाला वाहिला, मग दुसऱ्याने घेतला, मग तिसऱ्याने, आणि दरवेळी पैसे केंद्राला. शेवटी भोपळा थकला पण माणसं थकली नाहीत. तरी हे सगळं पेणपुरतंच पुरणार होतं. रोह्याची खोली बंद करायची, असं ठरलं.

आणि ते मला सहन होत नव्हतं ते एका पोरीमुळे. ती रोह्याजवळच्या निडी गावची, आठ वर्षांची. तिची आई तिला कडेवर घेऊन रोह्याला आणायची. पोर आता जड झाली होती, पाय जमिनीला लागायला आले होते. रोह्यापर्यंत कसंबसं जमायचं, पण पेणपर्यंत आणणं त्या बाईच्या कंबरेला झेपणारं नव्हतं. पोरगी नुकतीच कुठे दांड्यांमध्ये उभी राहायला लागली होती, दोन्ही हातांनी दांड्या गच्च आवळून. एक हात सोड म्हटलं की अशी बघायची, जणू मी तिला कुंडलिका नदीत उडी मारायला सांगतेय. खोली बंद झाली तर ते पाय पुन्हा आखडणार, हे तिच्या आईला न सांगताही कळत होतं.

खोलीची मालकीण म्हणजे आमची खाला, सगळ्यांची मावशीच. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही मुलगे आखातात, घर भलंमोठं आणि बोलायला कोणी नाही. आम्ही खोली सोडतोय हे सांगायला मी गेले, तर तिने आधी चहा पुढे ठेवला.

"तोंड का असं उतरलंय गो?"

मी सगळं सांगितलं. रागारागानेच सांगितलं.

ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "माज्या मोठ्या पोराची कंपनी बंद पडली तवा पैसं यायचं थांबलं. मी फोन केला तो काय इचारायला? पैसं कदी धाडतोस म्हणून? नाय. जेवलास का, म्हणून इचारलं. तुज्या त्या आजीला कोनी इचारलं का?"

"काय?"

"जेवली का म्हणून."

मला तिचा रागच आला. उपदेश करायला माझ्या घरात एक पाळक पुरेसा आहे. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना, आणि संध्याकाळी मी आजींना फोन लावला. माझं इंग्रजी मोडकंतोडकं. इकडचं तिकडचं न बोलता मी सरळ विचारलं, तुम्ही जेवलात का?

 त्या म्हणाल्या, असं विचारणारं आता कोणी उरलं नाही. पावाबरोबर सूप घेतलं म्हणाल्या. घर तापवायचा खर्च परवडत नाही म्हणून एकच खोली वापरतात, आणि त्या खोलीतही कोट घालून बसतात. पैसे थांबले याची त्यांना इतकी लाज वाटत होती की स्वेटर पाठवायचाही धीर होत नव्हता. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. ह्यांनी येऊन गॅस तेवढा बारीक केला.

दुसऱ्या खेपेला खालाला हे सांगितलं, तर ती ताडकन उठली. "कोट घालून बसते? घरात? अगो, तिला गोधडी शिवूया." आणि लगेच, "खोलीबिली काय सोडायची नाय. मला भाडं नको, पोरांचा आवाज पायजे."

व्यायामाचे डॉक्टर महिन्यातून एकदा, पैसे न घेता येतो म्हणाले, आणि मधल्या दिवसांत करायचे व्यायाम त्यांनी आयांना शिकवले. आया मुलांचे पाय ताणायच्या, आणि हात मोकळे झाले की गोधडी पुढ्यात ओढायच्या. एकीने लग्नातलं लुगडं दिलं, एकीने सासूचं. पण नुसत्या सुती लुगड्यांनी तिकडची थंडी कशी अडणार? आत लोकर हवी, असं खालाचं मत पडलं. तिची नजर पेटीकडे गेली तशी मी आडवी आले.

"खाला, ते त्यांनीच विणलेत! त्यांचेच त्यांना?"

"मग? हितं डांबरगोळ्या खात बसलेत ते. ज्याला थंडी वाजते त्याच्या अंगावर जाऊंदे."

मी कात्री आणली.  आम्ही स्वेटरांची बटणं कापली, ते लुगड्यांच्या थरांत अंथरले आणि वरून बारीक धावदोरा घातला. सुई लोकरीत अडायची, खाला सुईला शिव्या द्यायची. पोस्टात पार्सल देताना मी प्रार्थना केली, आजींना आतलं कळू नये म्हणून.

पार्सल मिळालं तेव्हा आजींनी कळवलं, आणि आम्ही सगळ्या रोह्याच्या खोलीत असताना मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्या गोधडी खांद्यावरून लपेटून बसल्या होत्या. निडीच्या पोरीच्या आईचं जांभळं लुगडं मी लगेच ओळखलं. किती जड, किती उबदार, असं म्हणत त्या कापडावरून हात फिरवत होत्या. फिरता फिरता हात एका जागी थांबला. बोटांनी त्यांनी आतलं काहीतरी चाचपलं, पुन्हा चाचपलं.

एक बटण कापायचं राहिलं होतं.

"हे चौकोनी आहे," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. बायकांना इंग्रजी कळत नव्हतं, पण खालाला कळलं काय झालं ते. तिने पदर तोंडाला लावला.

"तुमच्याकडे थंडी पडतच नाही, हो ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग इतकी वर्षं घेतलेस कशाला?"

"तुम्ही विणत होतात म्हणून."

त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळे पुसत पुसत. मीही हसले आणि मलाही डोळे पुसावे लागले. मग त्या एकदम गंभीर झाल्या. "आता एक विचारते. स्वेटरांसारखं लपवू नकोस, खरं सांग. मुलांची ती खोली चालू आहे का?"

 मी फोन फिरवला. दांड्यांमध्ये निडीची पोर उभी होती, समोर तिची आई बसलेली.

"कोन हाय गो बाई?" पोरीने मला विचारलं.

"लोकरवाली आजी."

तिने फोनकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. आणि तो हात दांडीवरून सुटला, वर गेला आणि हलायला लागला. आईचे हात धरायला पुढे झाले आणि तसेच थांबले.

"धर गो, पडशील!" खाला ओरडली.

"नाय पडत," पोरगी म्हणाली. पलीकडे आजी गोधडीतून हात बाहेर काढून हलवत होत्या, आणि त्यांचा हात खाली येईपर्यंत ही आपला हात खाली घ्यायला तयार नव्हती.