अर्धा लाडू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मीनाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. बहिणीला नाही. आईला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. आता ती नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी बोलता येईल. बघतो.

गोष्ट लहान आहे. एका लाडवाची. खरं तर अर्ध्याच. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही बरीच वर्षं स्वतःला हेच म्हणत आलो. एवढंच ना?

मी हिशेब तपासणारा माणूस. नोकरीच ती. बेरीज जुळली नाही तर मला जेवण जात नाही. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं — एकोणनव्वद किलो होतं, साखर काठावर — तेव्हा मी सगळ्यात आधी स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा विकत आणला. भात मोजून, शेंगदाणे मोजून, पोळीसुद्धा मोजून. आवडतं गोड साफ सोडायचं की बेतानं खायचं, यावर मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत सकाळी फिरायला जाणारे तावातावानं भांडायचे. मी बेतानं खाणाऱ्यांच्या बाजूचा. सोडायची काही गरज नाही, ग्रॅम सांभाळा, असं सगळ्यांना ऐकवत फिरायचो.

आणि घरी मला ते सांभाळता येत नव्हतं. — एवढं कबूल करायलाही मला इतका वेळ लागला, बघा.

आमच्याकडे बेसनाच्या लाडवांचा डबा कायम भरलेला असायचा. लाडू आईच्या हातचे. नारायण पेठेतलं बिऱ्हाड हलवून आम्ही इकडे फ्लॅटमध्ये आलो, तरी डाळ ती स्वतः निवडायची आणि जरा जाडसर दळून आणायला लावायची. बेसन भाजायला घेतलं की वास जिन्यात यायचा. लाडवावर तिचा फार जीव. पण खायची किती? दुपारी चारच्या चहाबरोबर अर्धा. बशीत लाडू घ्यायचा, मधोमध मोडायचा, अर्धा खायचा आणि अर्धा परत डब्यात ठेवायचा — उद्यासाठी. तिला वजनकाटा कधी लागला नाही.

तो उद्याचा अर्धा मी खायचो. पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो आणि उभ्याउभ्याच तोंडात टाकायचो. मग त्याच्या जोडीला एक अख्खा. काट्यावर ठेवलाच नाही, तर तो मोजण्यात धरायचा कशाला? — असला हिशेब मी ऑफिसात कुणाचा चालू दिला असता का?

आईला कळत होतं. "घरात उंदीर फार झालेत," एवढंच म्हणायची, माझ्याकडे न बघता. एकदा मीनानं डबा उघडला. "आई, परवाच केले होते ना? संपलेसुद्धा?" मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. आई म्हणाली, "अगं, मीच खाल्ले. म्हातारपणी जीभ ऐकत नाही बघ."

मी पेपराचं पान उलटलं.

मीना घाबरली. आईलाही थोडी साखर होती, गोळी चालू होती. "अहो, इतके लाडू खायला लागल्यात त्या. एकदा दाखवून तरी आणा." म्हणून मी आईला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. लक्षात येतंय ना? खाल्लं मी, आणि तपासायला नेलं तिला.

तपासणी झाली. आई बाहेर बाकावर जाऊन बसली. रिपोर्ट बघता बघता डॉक्टरांनी विचारलं, "आजी गोड किती खातात?" मी म्हटलं, "अर्धा लाडू." तिथे खरं बोललो. "मग खाऊ द्या की," डॉक्टर म्हणाले. "अर्ध्या लाडवानं काही होत नाही. तुम्ही स्वतःचं बघा, तुमचे आकडे त्यांच्याहून वाईट आहेत."

येताना रिक्षात होतो. पुढे उसाची ट्रॉली, तिला ओलांडता येईना. रिक्षा तिच्यामागे रखडत चाललेली. आईनं विचारलं, "काय म्हणाले रे?"

इथे आलो की मी दर वेळी थांबतो. कारण माझ्याकडे वेळ होता. मी चिडलो नव्हतो, घाबरलो नव्हतो, तोंडातून काही निसटलं असंही नाही. ट्रॉलीवरच्या उसाकडे बघत मी नीट विचार केला. आई खाणार नसेल तर लाडू होणार नाहीत. लाडू झाले नाहीत तर डबा राहणार नाही. आणि डबा नसला तर मी सुटलो. मला सोडणं जमत नव्हतं, मोजणंही जमत नव्हतं — राहता राहिली ती.

"गोड बंद म्हणाले," मी सांगितलं. "पूर्ण."

"अर्धासुद्धा?"

"अर्धासुद्धा."

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. म्हणाली, "बरं."

घरी आल्यावर तिनं डबा घासला, उन्हात वाळवला आणि त्यात मेथीचे दाणे भरले. चारचा चहा चालू राहिला. गंमत — नाही, गंमत कसली? — चहाबरोबर ती बशी मात्र घ्यायची. रिकामी. चहा संपला की तीही विसळून ठेवायची.

माझं वजन उतरलं. शहात्तरवर आलं. लोक विचारायला लागले, कसं जमवलंत? सोसायटीच्या हॉलमध्ये एका रविवारी मला चार शब्द बोलायला बोलावलं. मी तोवर बाजू बदलली होती. म्हणालो, बेतानं खाणं ही स्वतःची फसवणूक आहे, सोडायचं तर साफ सोडा. आमच्या घरात लाडू होतच नाहीत आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. हे सगळं मी मोठ्यानं बोललो. आई पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत होती. तिनं टाळ्या वाजवल्या.

पुढे ती सोसायटीतल्या बायकांबरोबर काशीला गेली. घर रिकामं झालं आणि मला ती बशी ओट्यावर दिसत राहिली. मी ठरवलं, आई परत आली की सांगायचं, "डॉक्टर म्हणाले, आता अर्धा चालेल." पाहिलंत? खरं सांगायचं तेव्हाही मनात आलं नाही. पहिलं खोटं दुसऱ्या खोट्यानं निस्तरणार होतो. वाक्य मात्र घोटून ठेवलं होतं.

काशीला गेलं की आपला एखादा आवडता पदार्थ कायमचा सोडून यायची रीत आहे, तुम्हाला माहीत असेल. परत आल्यावर सगळ्याजणी आमच्याकडे चहाला जमल्या. खालच्या मजल्यावरच्या लताकाकू इथल्या गावच्याच. त्यांच्याच जमिनीवर आमची इमारत उभी आहे. त्या आल्या आल्या म्हणाल्या, "म्या कारलं सोडलं बया! सुटले एकदाची. आता कुणी वाढाया आलं तर सांगाया तोंड हाय."

"लताबाई," आई म्हणाली, "देवाला फसवायला एवढ्या लांब कशाला जायचं? ते घरबसल्याही होतं."

सगळ्या हसल्या. मीही हसलो.

"मग तुमी काय सोडलं?"

"बेसनाचा लाडू," आई म्हणाली. "नाहीतरी मला बंदच होता. पण बंद केलाय म्हणून खात नाही, यापेक्षा मी सोडलाय म्हणून खात नाही, हे म्हणायला बरं वाटतं."

बायका गेल्यावर मी माझं वाक्य काढलं. "आई, डॉक्टर जर म्हणाले की अर्धा —"

"आता नाही रे," ती म्हणाली. "आता ते डॉक्टरांच्या हातात राहिलं नाही."

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? मी खोटं बोललो होतो, एवढंच. तुला बंद नव्हताच, एवढंच. ती मला उंदीर म्हणाली असती, फार तर. मी पिशवीतून तिनं आणलेला गंगेचा गडू काढला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

शेवटी तिचं हृदय थकलं. साखरेनं तिला काही केलं नाही, रिपोर्ट शेवटपर्यंत चांगले होते. घरीच होती. डॉक्टर म्हणाले, आता जे मागतील ते द्या. मीना विचारून दमली — खीर करू? शिरा करू? एका दुपारी आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"मीनाला थोडं बेसन भाजायला सांग. खायचं नाहीये मला." मग जरा थांबून, "वास मोजण्यात धरतात का रे?"

घरातला मोजणारा मी. म्हणून मला विचारलं.

"नाही धरत, आई," मी म्हटलं.

मीनानं तुपावर बेसन भाजलं. वास खोलीत आला. आई डोळे मिटून पडली होती, उजव्या हाताची बोटं चादरीवर जरा हलली — काहीतरी मोडत असल्यासारखी. मी दारात उभा होतो. तेव्हाही वेळ होता, ट्रॉलीमागे होता तेवढाच. 

पितृपंधरवड्यात मीना तिच्या नावानं पान वाढते. सगळं आवडीचं असतं. लाडू वाढत नाही. "आईंनी काशीला सोडला होता ना हो," दर वर्षी मला आठवण करून देते. मी हो म्हणतो.

घरात आता पुन्हा लाडू होतात. मेथीचे दाणे काढून तोच डबा वापरात आहे. चारच्या चहाबरोबर मी बशीत लाडू घेतो आणि मधोमध मोडतो. काटा लागत नाही. अर्धाच खातो. वजन शहात्तरच्या वर गेलेलं नाही, साखरही ठीक आहे. डॉक्टरांचं बरोबर होतं. अर्ध्या लाडवानं काही होत नाही.

उरलेला अर्धा डब्यात परत ठेवतो. दुसऱ्या दिवशी चारला झाकण काढतो. तो तिथेच असतो.