सामाईक फ्रीझर

जालन्याजवळच्या आमच्या विद्यापीठ केंद्राला तीन विभागांत मिळून एक प्रयोगशाळा मंजूर झाली. निधीत इमारत आली, उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आला. जनरेटर तेवढा पुढच्या हप्त्यावर ढकलला.

उद्घाटनाला फ्रीझरला हार घातला, आणि पाहुण्यांच्या भाषणातच लाइट गेली. फ्रीझरचा अलार्म केकाटायला लागला. आमच्या विभागप्रमुखांनी डोळे वटारले, तसा कुणीतरी किल्ली फिरवून तो बंद केला. मंठा-जाफराबादच्या शेतांतून जमवलेले बोंडअळीचे नमुने मग तिन्ही विभागांनी त्यात भरले.

मी आमच्या विभागप्रमुखांना म्हणालो, "सर, अलार्म बंदच आहे. किल्ली कुणाकडं आहे?"

"असंल बाकीच्या दोघांकडं. तुम्हीच काऊन घाबरून राह्यले?"

बाकीच्या दोघांनी आमच्याकडं बोट दाखवलं. माझं डोकं फिरलं, पण भांडायचं कुणाशी? फ्रीझर सगळ्यांचा होता.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो, तर प्रयोगशाळेत चिडीचूप. फ्रीझरचा दिवा विझलेला, हार वाळलेला, आणि दाराखालून पाण्याचा ओघळ थेट उंबऱ्यापर्यंत आलेला. हाक मारली तसे तिन्ही विभाग गोळा झाले. ओघळाच्या अलीकडंच सगळे थांबले. फ्रीझर उघडायला कुणीच पुढं होईना.