कारण न विचारणारे पान

गजूदादाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका समुपदेशन केंद्राच्या चालकांना त्यांच्या नव्या संकेतस्थळाचे पहिले पान दाखवत होते. "येणाऱ्या माणसाला पहिल्या क्षणी कसलाही प्रश्न विचारायचा नाही," असे मी पडद्याकडे बोट करून नुकतेच म्हटले होते. ते वाक्य माझे नव्हते. फोन थरथरतच राहिला, म्हणून बाहेर आले. "संध्या गेली वं," एवढेच दादा म्हणाला.

संध्याताई माझी मावसबहीण, गजूदादाची सख्खी. वाशिममध्ये ती समुपदेशन करायची. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या बायकांना भेटून परतताना जीपमध्ये तिच्या छातीत दुखू लागले. सहप्रवाशांनी पित्त असेल म्हणून सोडा पाजला. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. शेजारी बसलेल्या बाईने नंतर आम्हाला सांगितले, "त्या म्हनत होत्या, काही नाही, बसन जरा." 'मला दुखतंय' हे दोन शब्द लोकांना उच्चारता यावेत म्हणून जिने उमेदीची सगळी वर्षे खर्च केली, तिने ते स्वतःसाठी वापरले नाहीत. यात उदात्त असे मला काही दिसत नाही. ती चूक होती, आणि चूक आहे हे कळण्याइतके शिक्षण तिच्याकडे होते. गेले काही आठवडे मला दुःखापेक्षा या गोष्टीचा राग अधिक आहे.

तिची खोली एका शिवणक्लासच्या वर होती. ही जागा योगायोगाने मिळालेली नव्हती. त्याआधी तिने शहरात अनेक घरे पाहिली आणि प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर ऐकले: "पागल लोकं येतीन, आमचं पोरीबाळीचं घर हाय." शिवणक्लासवाल्या काकूंनी मात्र वरची खोली दिली, आणि मग आपोआप एक रीत पडली. बायका कापडाची पिशवी घेऊन यायच्या. घरी सांगायचे, ब्लाउजच्या मापाला जाते. काकू खरोखर पिशवी ठेवून घ्यायच्या आणि नजर वर न करता जिन्याकडे हात करायच्या.

मी संख्याशास्त्र आणि संगणक शिकून नोकरीला लागले, त्या वर्षी सुट्टीत तिच्यासाठी संकेतस्थळ करायला घेतले. देशोदेशीच्या समुपदेशकांची पाने अभ्यासून मी पहिला आराखडा केला होता. उगवता सूर्य, पाण्यातले कमळ, कपाळ धरून बसलेली एक गोरी बाई. ताईने तो मोबाइलवर पाहिला आणि विचारले, "या बाईचं डोकं कायले दुखून राह्यलं?"

"ती प्रतिमा आहे ताई. वेदनेची."

"हिले पाहून तं चांगल्या मानसाचं दुखन. काढ तिले."

बाई गेली, कमळही गेले. खरा वाद झाला तो अर्जावर. मी पहिल्याच पानावर नाव, वय आणि समस्येचा प्रकार विचारला होता. चिंता, नैराश्य, वैवाहिक, व्यसन... यांपैकी एक निवडा. माहितीचे वर्गीकरण जितके लवकर, तितके पुढचे काम सोपे, असे माझे म्हणणे. ताई हसली नाही. म्हणाली, "आपल्या घरी पाव्हना आला, तं तू दारातच विचारतेस का, काय काम काढलं म्हनून?" आमच्याकडे पाहुणा पाणी पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत त्याच्या येण्याचे कारण विचारत नाहीत, विचारले तर तो अपमान ठरतो आणि वर्षानुवर्षे उकरून काढला जातो. मी मुद्दा मांडला की संकेतस्थळावर पाणी देता येत नाही. "मंग बसू तं दे," ती म्हणाली. अखेर पहिल्या पानावर तिच्या खिडकीचे छायाचित्र आणि एक वाक्य राहिले: 'या, बसा. काय झालं ते आत्ताच सांगायची गरज नाही.' खाली निरोप लिहायला जागा होती, आणि एक बटण होते. ते तिने हट्टाने मागून घेतले. दाबले की क्षणात बाजारभावाचे पान उघडायचे. घराघरांत फोन एकच असतो, तो बहुधा नवऱ्याचा नाही तर मुलाचा. "कोनी मागून डोकावलं, तं त्याले सोयाबीनचा भाव दिसला पायजे," ती म्हणाली. "भाव पडला असला तं तो सोताच रडत बसन, बाईकडे पाहाचं इसरून जाईन!"

किती जण पान पाहतात याची मोजणी बसवू द्यायलाही तिने नकार दिला. समाधानी लोकांचे अनुभव टाकायला तर साफच. मी सांगितले की त्यावाचून नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. सगळे समुपदेशक टाकतात. ती म्हणाली, "दवाखान्यातून भाईर निंगालेल्या मानसाले फाटकात उभं करून, सांग बरं तुले काय झालतं, असं इचारते का कोनी?" आलेल्या प्रत्येक निरोपाला ती उत्तर द्यायची आणि लगेच तो पुसून टाकायची. विज्ञानाच्या विद्यार्थिनीला हे पचणे कठीण होते. नोंद नाही, मोजमाप नाही, पुरावा नाही. अशा कामाची किंमत आमच्या शास्त्रात शून्य धरतात. मी हे तिला तोंडावर सांगितले होते. "शून्य तं शून्य," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

ती गेल्यावर तिला शहराने चौकात फलक लावून गौरवले. 'वाशिमची माउली' अशी मोठी अक्षरे, खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांच्या छायाचित्रांची ओळ. खोली नाकारणाऱ्यांतले दोन चेहरे त्या ओळीत होते. मी तो फलक शांतपणे वाचला, असे म्हणणे खोटे ठरेल.

तेरवीला मांडव भरला होता. गजूदादा शहरालगतच्या वाडीत वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतो आणि बाजारात विकतो. बहिणीचा त्याला अपार अभिमान. जेवणाच्या पंगती बसण्याआधी त्याने माइक हातात घेतला. "माह्या बहिनीनं ज्याईले ज्याईले बरं केलं, त्याईनं समोर या. दोन शब्द बोला." कुणी उठले नाही. मी मांडवाकडे पाहत होते. अनेक माना खाली होत्या, आणि ती कृतघ्नता नव्हती. दादाला मात्र ती तशीच दिसली. "इतके लोकं येत होते. कोनालेच काही आठवत नाही?" तो म्हणाला. मग त्याला एक ओळखीचा चेहरा सापडला. ताईकडे भाजी पोचवायला जाताना त्याने तिला जिन्यावर पाहिले होते.

"वयनी, तुमी तं दर हप्त्याले येत होत्या. बोला नं."

ती बाई उभी राहिली, कारण सगळ्यांनी वळून पाहिले होते. "मी मापाले जात होती," ती म्हणाली.

तिच्या शेजारी तिची सासू होती. तिने सुनेकडे न पाहताच विचारले, "दर हप्त्याले माप?"

मांडवात कुणीतरी हसले. पंगत बसण्यापूर्वीच त्या दोघी निघून गेल्या. तिचे गाव मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने माझ्याकडे संकेतस्थळाचा पासवर्ड मागितला. पहिल्या पानावर हार घातलेला फोटो लावायचा, खाली लोकांनी पाठवलेले निरोप नावानिशी टाकायचे, असे त्याच्या मनात होते. "तिचं नाव रायलं पायजे नं वं." मी नाही म्हटले. "भाऊ मी हाय का तू?" तो ओरडला. मी म्हटले, निरोप नाहीतच, ती पुसून टाकायची. त्याने विचारले, "म्हंजे तिनं काय केलं, याचा काहीच पुरावा नाही?" नाही, मी म्हटले. माझाच जुना आक्षेप त्याच्या तोंडून ऐकताना मला जे वाटले, ते मी शास्त्रात कुठे वाचलेले नाही.

फोटोसाठी मी वेगळे पान करून दिले. जुन्या पानावरची निरोपाची जागा बंद केली आणि 'ताई आता नाहीत' असे लिहिले. तिच्या जागी बसेल असे कुणीतरी जिल्ह्यात शोधते आहे. अद्याप मिळालेले नाही. तोवर किती माणसे तिथे येऊन परत फिरतात, हे मला कधीच कळणार नाही.

खोली रिकामी करायला आम्ही दोघे गेलो. तिच्या दोन वेताच्या खुर्च्या एकमेकींसमोर नव्हत्या. दोन्ही थोड्या तिरप्या, खिडकीकडे तोंड केलेल्या. डोळ्यांत पाहावे न लागता बोलता यावे, म्हणून. "अश्या वाकड्या कायले ठेवल्या?" म्हणत दादा दम खायला एकीत टेकला. मी दुसरीत बसले. बाहेर तारेवर कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. थोड्या वेळाने तो बोलू लागला आणि बराच वेळ बोलत राहिला. काय, ते लिहिणार नाही. उठताना त्याने तोंड पुसले. "कोनाले सांगू नोको हे." आणि हे शब्द आपल्याच तोंडून निघाल्यावर तो दारात थबकला... "त्या वयनीचं मी लय वाईट केलं वं," तो म्हणाला.

हा लेख मी त्याला वाचून दाखवला आहे. मांडवातला प्रसंग राहू दे, असे त्यानेच सांगितले. खुर्च्या आता त्याच्या वाडीतल्या पत्र्याखाली आहेत, तशाच तिरप्या. जुड्या बांधून झाल्या की तो एकीत बसतो. दुसरीवर कुणी मेथीची टोपली ठेवली, तर उचलून खाली ठेवतो. मांडवातून उठून गेलेली ती बाई आता कुठे जाऊन बसत असेल, हे मात्र आम्हा दोघांनाही माहीत नाही.