दोघांनी उचललेला बेलभंडार

लोधिवलीच्या फाट्यावरून आत शिरलं आणि ओढा ओलांडला की पोपटचं घर लागतं. पुढच्या ओटीवर पोपट, आत चुलीपाशी त्याची दुसरी बायको चिमा आणि मागच्या पडवीत गवताच्या भाऱ्यांशेजारी पहिली, गौराबाई. पडवीतून आवाज म्हणून येत नाही. ही बाई एके काळी गावात सगळ्यांत खणखणीत बोलायची, हे आज नव्या माणसाला सांगून खरं वाटायचं नाही.

नेरळकडच्या एका खेड्यातून ती लग्न होऊन आली तेव्हा पोपट साजगावच्या कारखान्यात नुकताच लागला होता. सायकलवरून पाळीला जायचा, उरलेल्या वेळात भातशेती बघायचा. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात टाकणं नाही. असा नवरा मिळाला म्हणून शेजारणी गौराचा हेवा करायच्या. पण दहा-अकरा वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, आणि मग हेवा करायला काही उरलं नाही.

सासू अंबाबाई शिव्या देत नसे. शिव्या परवडल्या असत्या. लावणीच्या दिवशी रोपांची पहिली मूठ लेकुरवाळीनं लावायची, अशी त्यांच्याकडची रीत. गौरानं पहाटेपासून रोपं उपटावीत, पेंढ्या डोक्यावरून वाहाव्यात, गुडघाभर चिखल तुडवावा, आणि मूठ लावायची वेळ आली की म्हातारीनं अगदी मऊ आवाजात म्हणावं, "गौरा, तू जरा बांधावर थांब गं बाय." मग शेजारची कुणीतरी पाच पोरांची आई येऊन मूठ लावायची. तेवढा वेळ गौरा बांधावर उभी. बाकीच्या बायका आपसांत बोलत राहायच्या आणि तिच्याकडे मुद्दाम बघायच्या नाहीत. ते न बघणंच तिला जास्त लागायचं.

नवस झाले, झाडपाला झाला, अंगारे झाले. शेवटी कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून पोपट तिला घेऊन मुंबईच्या एका डॉक्टरकडे गेला. त्या डॉक्टरनं आधी पोपटलाच तपासलं, मग गौराला. पुढच्या खेपेला त्यानं पोपटला एकट्याला आत घेतलं आणि सांगितलं की बायको धडधाकट आहे, उणं तुझ्यात आहे, तुझ्या अंगात मूल होण्याजोगं बीजच नाही. औषध नाही. एक वाट आहे. परक्या पुरुषाचं बीज घ्यायचं. तो कोण हे तुम्हांला कळणार नाही, तुम्ही कोण हे त्याला कळणार नाही. पिचकारीनं आत सोडायचं, कुणी कुणाला शिवायचं नाही. पण पोट बायकोचं आहे, तेव्हा तिला नीट समजावून सांग, तिची तयारी असली तरच.

पोपट बाहेर आला. गौरा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यातल्या नळावर ओंजळीनं पाणी प्याला, तोंड पुसलं आणि परत आत जाऊन म्हणाला, "तयार हाय ती."

डॉक्टर काही राक्षस नव्हता. बाहेर रांग होती आणि त्याला घाई होती. त्यानं गौराला आत बोलावून एवढंच विचारलं, की घाबरत नाहीस ना. तिनं मान हलवली. विचारणं झालं. परतीच्या वाटेवर पोपट तिला म्हणाला, "दोस तुज्यात हाय. पन औशिद हाय म्हनतो." तेव्हा तिला भडभडून आलं. दोष आपल्यात असून नवऱ्यानं टाकलं नाही, उलट पदरमोड करून मुंबईला आणलं. त्या दिवशी तिनं मनातल्या मनात त्याचे पाय धरले. या एका गोष्टीसाठी पोपटला कधी माफी मिळू नये, असं मला वाटतं.

औषधाच्या म्हणून काही खेपा झाल्या आणि तिला दिवस गेले. मुलगा झाला. नाव कान्हा ठेवलं. पुढच्या लावणीला पहिली मूठ गौरानं लावली. बांधावर अंबाबाई नातवाला घेऊन उभी होती. गौरा इतकी हसत होती की तिच्याच्यानं गाणं म्हणवेना. पोपटही तेव्हा खोटा नव्हता. पोराला सायकलच्या दांडीवर बसवून चौकापर्यंत हिंडवायचा, कारखान्यातून येताना खाऊ आणायचा. जे झालं ते तो जवळजवळ विसरला होता.

विसरू दिलं असतं तर बरं झालं असतं. कान्हा मोठा होऊ लागला तसा उंच निघाला, गोरा निघाला, आणि डोळे घारे. घरात सगळी काळीसावळी, बुटकी माणसं. एकदा शिमग्याच्या होळीपाशी कुणीतरी सहज म्हणालं, "पोपट, ह्यो सायब कुठनं आनलास रं?" सगळे हसले. पोपटही हसला. पण त्या दिवसापासून त्यानं पोराला सायकलवर घेणं सोडलं. पोर जवळ आलं की तो उठून जायचा. जेवताना त्याच्या डोळ्यांत डोळे गेले की ताट सारायचा. आधी गौराला वाटलं, कारखान्यात काही बिनसलं असेल.

कान्हा सात वर्षांचा झाला तेव्हा अंबाबाईनं ओटीवर चार माणसं बसलेली असताना लेकाला सरळ विचारलं, की हे पोर आपलंच आहे ना. पोपटपुढं दोन वाटा होत्या. एक स्वतःच्या अब्रूवरून जात होती, दुसरी बायकोच्या. त्यानं फार विचार केला असंही नाही. "मला इचारू नको, तिला इचार," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं.

गौरा गप्प बसणारी नव्हती. ती पंचांपुढं गेली आणि म्हणाली, मी बहिरोबाचा बेलभंडार उचलते. गावात ही शेवटची कसोटी. गुरव तळहातावर बेलाचं पान ठेवतो, वर चिमूटभर भंडारा. त्या हातानं बोललेलं देव ऐकतो, आणि खोटं बोलणाऱ्याला वर्षाच्या आत फळ मिळतं, त्याला नाहीतर त्याच्या लेकराला. म्हणून दरोडेखोरसुद्धा बेलभंडार उचलायचा म्हटलं की कबूल होतो, असं म्हणतात.

सगळं गाव देवळापुढं जमलं. गौरानं एका हातात बेलभंडार घेतला, दुसरा हात कान्हाच्या डोक्यावर ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माज्या नवऱ्याबिगर दुसऱ्या पुरुसाचं बी माज्या पोटात गेलं आसंल, तर ह्या लेकराचं तळपट हुंदे."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पंच पोपटला म्हणाले, आता तू उचल. गौराला खात्री होती, तो मागं सरणार. पोपट पुढं आला, हात पसरला, भंडारा घेतला. हात जराही हलला नाही. "ह्ये पोर माजं नाय," म्हणाला.

गाव चक्रावलं. दोघांनी उचललेला बेलभंडार कुणी पाहिला नव्हता. एक कोणीतरी खोटं आहे आणि वर्षाच्या आत कळेल, असं म्हणून माणसं पांगली. दोघंही आपापल्या समजुतीनं खरं बोलली असतील, हे त्या देवळापुढं कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

पण हळूहळू माणसं गौराकडं झुकली. ती ताठ मानेनं पाण्याला जायची, पोराला घेऊन बाजाराला जायची. पोरावर कुणी खोटी शपथ घेत नाही, असं बायका बोलू लागल्या. पंचांनी पोपटला निरोप धाडला, की बायकोची माफी माग. आता पोपटची कोंडी झाली. खळ्यावर झोडणी चालू असताना, भर दुपारी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं तिला सगळं सांगितलं. उणं कुणात होतं ते, आणि मुंबईच्या डॉक्टरनं आत काय सोडलं होतं ते.

गौराला आधी समजलंच नाही. मग तिनं विचारलं, की कुणाचं.

"डाक्टरला ठाव. मला नाय."

"मग माजी शपत?"

"खोटी," पोपट म्हणाला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हायसं वाटल्यासारखं दिसलं.

ती म्हणाली की हे तुम्ही पंचांना सांगा, एवढं एकदा सांगा, मी जन्मभर तुमच्या दारात राबेन. त्यावर तो जे बोलला ते तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही. "मी गडी नाय म्हून गावाला सांगू? त्यापरीस तू वाईट आसल्याली बरी."

आणि गौरा गप्प झाली. गावाला वाटलं, पापानं तोंड बंद केलं. खरं तर अब्रूचा विचार तिच्या मनातून तेव्हाच गेला होता. तिला आपला हात दिसत होता, कान्हाच्या डोक्यावर ठेवलेला. देवाला डॉक्टर माहीत असेल का, पिचकारी माहीत असेल का, की त्यानं फक्त शब्द ऐकले? विचारायचं कुणाला? पोराला साधा थंडीताप आला तरी ती उशाशी बसून रात्र काढायची. ताप उतरला, पण वर्ष संपायचं होतं.

त्यांच्याकडं ज्या बाईची पोरं जगत नाहीत, ती नवं पोर सुपात घालून दुसरीला कोंड्यावर विकते. सूपभर कोंडा घ्यायचा, पोर द्यायचं. मग ते पोर हिचं राहत नाही आणि हिच्या नशिबातलं वाईट त्याला लागत नाही. सारं नावापुरतं असतं. विकणारी पोर परत उचलून घरी नेते. गौराला नावापुरतं करून चालणार नव्हतं. एकदा आपण देवाला फसवलंय, दुसऱ्यांदा तो फसणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं.

तिच्या माहेरच्या नात्यातली जनी नेरळला राहायची. नवरा नागू माथेरानच्या गाडीच्या रुळांवर कामाला. दोघांना मूल नव्हतं. गौरा कान्हाला घेऊन तिथं गेली. सात वर्षांचं पोर सुपात मावेना, तर तिनं त्याचे नुसते पाय सुपात ठेवले. खेळ आहे असं वाटून तो हसत होता. जनीनं कोंडा गौराच्या पदरात घातला.

"आजपासनं ही तुजी आय," गौरा त्याला म्हणाली. "मी तुजी कुनी नाय." तो अजून हसतच होता. ती दाराबाहेर पडली तेव्हा हसणं थांबलं. मागून हाका आल्या, रडणं आलं, जनी त्याला धरत होती. विकणारीनं मागं बघायचं नसतं. तिनं बघितलं नाही. कोंडा घरी आणून म्हशीला घातला.

गाव म्हणालं, बघा, पाप होतं म्हणूनच पोर टाकलं. पंचांनी पोपटची पाठ थोपटली. पोपट त्या दिवशी पोटभर जेवला. वर्ष सरलं, कुणाला काही झालं नाही, आणि गौराला वाटलं, आपण बरोबर केलं. पोपटनं चिमाला आणली आणि गौराचं अंथरूण पडवीत गेलं.

ती नेरळला कधी गेली नाही. एकदा मात्र माहेरी कुणी वारलं म्हणून त्या बाजूला जावं लागलं. नेरळच्या बाजारात एक उंच, घाऱ्या डोळ्यांचं पोर समोर येऊन उभं राहिलं आणि बघतच राहिलं. आईच्या नजरेनं बघितलं तर देवाला कळेल, म्हणून गौरा त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली, "कुनाचा रं तू?" पोर "नागूचा," म्हणालं आणि वळून निघून गेलं.

चिमालाही मूल होईना. होणार कुठून? अंबाबाई आता वाकली होती, पण लावणीला काठी टेकत यायची आणि त्याच मऊ आवाजात म्हणायची, "चिमा, तू जरा बांधावर थांब." यंदा लावणी उरकली आणि पोपट चिमाला घेऊन मुंबईला निघाला. दोष तुझ्यात आहे, पण औषध आहे, असं तिला सांगून. पडवीत सगळं ऐकू येतं.

फाट्यावर पोपट बिडी आणायला टपरीकडं गेला, तेवढ्यात गौरा गवताचा भारा घेऊन चिमापाशी आली. भारा खाली ठेवला. इतक्या वर्षांत न बोललेलं तिनं भराभर सांगून टाकलं. उणं कुणात आहे ते, तिथं आत काय सोडतात ते, आणि पोर घारं झालं की हाच माणूस काय करतो ते. पोरगी पिशवी छातीशी धरून ऐकत होती. एसटी वळणावर दिसायला लागली. पोपट हाक मारू लागला.

चिमानं हळूच विचारलं, "बाय, पन पोर मिळतं ना?"

नाही म्हटलं असतं तर ती कदाचित थांबली असती. गौरानं भारा डोक्यावर घेतला.

"मिळतं," ती म्हणाली.

चिमा गाडीत चढली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.