सुई हातात आली की

मास्तरांचा संशय एकदा जागा झाला की त्याला झोपवणं कुणाच्या बापाला जमत नसे. या खेपेला तो सख्ख्या धाकट्या भावावर होता.

दोघांचं कोट शिवायचं दुकान. मास्तर कापड कापायचे, धाकटा हाताने काजं करायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून एकाच स्टुलावर बसून, मान खाली घालून राबणारा अबोल माणूस. त्याच्या काजांसाठी गिऱ्हाइकं लांबून यायची. आणि आता हा म्हणत होता, सुई धरली की अंगठा आत वळतो.

"दुखतं का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"वळतो."

हे काय उत्तर झालं? समोरच्या नव्या शिंपीदुकानाचा मालक मध्यंतरी धाकट्याशी हसून बोलताना मास्तरांनी पाहिला होता. पाणी कुठे मुरतंय हे त्यांना कळून चुकलं: आजाराचं निमित्त करून इथून सुटायचं आणि तिकडे जाऊन बसायचं. सोंग सिद्ध झालं की त्या स्टुलावर दुसरा कारागीर बसवायचा, हे त्यांनी घरात बोलूनही टाकलं.

मग डोळ्यांत तेल घालून पाळत सुरू झाली. संत्रं सोलताना अंगठा सरळ. बुटाची नाडी बांधताना सरळ. दाढी करताना तर गडी शीळ घालत होता! "कामापुरताच आजार?" मास्तर बायकोला म्हणाले. "असला आजार मलाही दे म्हणावं."

शेवटी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. जाताना धाकट्याने हात स्वच्छ धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दुकानातलं काही म्हणजे काही सोबत नेलं नाही. मुठी वळून झाल्या, बोट नाकाला लावून झालं, चालून झालं. ना थरथर, ना ताकद कमी. मास्तर मिशीत हसले. पण बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी काम घेऊन या. मला तुम्हाला शिवताना बघायचंय."

मास्तरांना हेच हवं होतं. पुढच्या खेपेला अर्धवट कोट त्यांनी स्वतःच काखोटीला मारला.

धाकट्याने सुई धरली. सुरुवातीचे टाके नीट पडले. मग अंगठा तळव्यात शिरला, मनगट वाकलं, सुई पडली. पुन्हा धरली, पुन्हा तसंच.

"मुद्दाम करतोय," मास्तर पुटपुटले.

बाईंनी त्याला पेन दिलं. अक्षर सुरेख आलं. परत सुई दिली, तर अंगठा त्याच जागी वळला. त्यांनी त्याच्या मनगटावर नुसतं बोट टेकवलं, तसा अंगठा क्षणभर सैल झाला.

"हा डिस्टोनिया," त्या म्हणाल्या. "मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूमच चुकतो. वर्षानुवर्षं एकच बारीक काम करणाऱ्यांना होतो कधी कधी, आणि बऱ्याचदा त्या कामापुरताच. इंजेक्शनने फरक पडू शकेल. पण पूर्वीसारखी काजं होतीलच, असं मी सांगणार नाही."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. धाकटा आता कोसळणार, या भीतीने त्यांनी त्याचा खांदा धरला. तर तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दादा," तो म्हणाला, "तू इतकं म्हणत होतास ना, की मलाही वाटायला लागलं होतं, मी नाटकच करतोय."